छातीवर की पाठीवर

फरशीवरच्या तीन ओळी कोरून झाल्या होत्या. चौथीवर घर अडलं होतं.

कानिफनाथ कारागीर सकाळी सातपासून ओट्यावर फतकल मारून बसलेला. पुढ्यात काळी फरशी. तिच्यावर 'शहीद जवान भागवत सूर्यभान', खाली गाव, त्याखाली जन्माची आणि मरणाची तारीख. मरण एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जुलैतलं, द्रासच्या डोंगरावरचं. सव्वीस वर्षांनी गावाला जाग आली होती. उद्या दहा वाजता शाळेपुढच्या चौथऱ्यावर ही फरशी बसायची, तिच्यावरचं फडकं ओढायला पाथर्डीहून कडक इस्त्रीचे पुढारी येणार होते, आणि चौथी ओळ अजून श्रीमंततात्यांच्या हातातल्या कागदावरच होती.

"'छातीवर गोळ्या झेलत शत्रूचा बंकर एकट्याने उद्ध्वस्त केला.'" तात्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. "काय वाईट हाय ह्यात? सांग की."

"छाती नगं," मालनबाई म्हणाली. ती सुपात बाजरी निवडत होती. मान वर केली नाही.

"का पण?"

"नगं म्हनलं ना."

"आये, सख्खा भाऊ हुता माझा. मी काय त्याचं वंगाळ लिवीन का?"

"वंगाळ लिवलंस आसं कुठं म्हनले मी? छाती नगं."

कानिफनाथानं छिन्नी कानामागं खोचली. "तात्या, तुमचं ठरूस्तवर मी च्या पिऊन घेऊ का? का चौथी ओळ पुढच्या सव्वीस वर्सांनी टाकायची?"

तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप बसला. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता. दर दिवाळीनंतर चाळीस कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या चाळीस जोड्या, गोळा करून राहुरी-नेवाशाकडं न्यायचा, चाळीस घरांना हाकायचा, आणि शहात्तर वर्षांच्या आईच्या एका 'नगं'पुढं त्याचं काही चालत नव्हतं. त्यानं मोहरा वळवला. भावजय दारात उभी होती.

"पुष्पा, तू सांग हिला. नवरा तुझा हुता. तुझी काय हरकत हाय का?"

पुष्पावती अंगणवाडीत शिकवायची. बोलणं मोजकं. दीर-भावजयीचं बरं होतं. सासू-सुनेचं मात्र आमटीत मीठ किती घालायचं ह्यावरही कधी एकमत झालेलं नव्हतं. म्हणून तात्यांना भरवसा होता.

"आत्याबाई म्हनत्यात तर ऱ्हाऊ द्या, तात्या," पुष्पावती म्हणाली. "'देशासाठी वीरमरण' एवढंच लिवा."

तात्यांनी आधी आईकडं, मग भावजयीकडं बघितलं. मालनबाईनंही मान वर केली. सून आपल्या बाजूनं बोलली ह्याचं तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला भीती वाटली.

*

कारण मालनबाईला जे ठाऊक होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

भागवतची पेटी आली त्या दिवशी बरोबरच्या साहेबानं सांगितलं होतं की पेटी फार वेळ उघडी ठेवू नका. ती म्हणाली, "माज्या पोराला आंघूळ घातल्याबिगर मी अग्नी देऊ द्यायची न्हाई." साहेब चांगला होता. त्यानं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. सून सात महिन्यांची पोटुशी, तिला हंड्यातलं कोमट पाणी आणायला लावलं आणि मालनबाईनं एकटीनं गुंड्या काढल्या. छाती कोरी होती. जन्मला त्या दिवशी होती तशी. तिनं त्याला कुशीवर केलं. पाठीवर तीन भोकं. एक खांद्यामागं खवाट्याला, दोन मणक्याच्या अंगाला.

तिनं घाईनं पंचा गुंडाळला. तेवढ्यात सून घागर घेऊन आत आली. तिला काही दिसलं नाही असं मालनबाईनं तेव्हा धरलं होतं.

बाहेर अख्खा तालुका 'अमर रहे' करत होता. श्रीमंत जीपच्या बॉनेटवर उभा राहून सांगत होता, "माझ्या भावानं छातीवर गोळ्या घेतल्या!" आणि आत आईच्या हाताला पोराची पाठ लागत होती. आमच्याकडं पोरं चालायला लागायच्या आधी एवढं शिकतात की छातीवरची जखम मर्दाची आणि पाठीवरची पळपुट्याची. मालनबाईही तेच शिकली होती. पोरगं पळालं. पंचवीस वर्षांचं पोरगं, जिवाला भ्यालं, वळलं आणि पळालं. तिनं त्याला दोष दिला नाही. पण दर पंधरा ऑगस्टला शाळेत कुणी माईकवर 'छाती' म्हटलं की ती पदर तोंडावर ओढून खाली बघायची. लोकांना वाटायचं, रडतेय.

बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं. कोरलेलं जात नाही. एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तेवढंच तिला सांगता येत नव्हतं.

*

पुष्पावतीला दिसलं होतं.

घागर घेऊन ती दारातच थबकली होती. पंचा पाठीवर यायच्या आत तिनं मोजलं होतं, तीन. तिचं दुखणं सासूच्या दुखण्याहून निराळं होतं. मरणाच्या महिनाभर आधी तिनं त्याला अंतर्देशीय पत्र पाठवलं होतं. दवाखान्यातल्या बाईनं मूल आडवं आहे असं सांगितलं होतं, वीस वर्षांची पोर घाबरली आणि लिहून गेली: 'माझं काही खरं नाही. काहीही करा, पण या.'

काहीही करा. तो वळला असेल तर माझ्यासाठी वळला, हे तिनं त्या दारात उभ्या-उभ्या ठरवून टाकलं. पुढं मूल सुखरूप झालं. हर्षल. त्याचं बारसं, त्याची शाळा, त्याचं पाथर्डीतलं मोबाईलचं दुकान, सगळं झालं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की ह्या पोराची किंमत त्याच्या बापानं पाठीवर मोजली.

म्हणून तिलाही छाती नको होती.

"बंकर तरी ठिवायचा का न्हाई?" तात्यांचा आवाज चढला. "का तो बी काढू? नाव बी काढू? कोरी फरशी बसवू उद्या?"

तेवढ्यात मोटारसायकल अंगणात आली.

*

हर्षलनं मागं बसलेल्या माणसाला हात देऊन उतरवलं. पन्नाशी ओलांडलेला, काटक, डोक्यावर पलटणीची हिरवी टोपी. डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

"आजी, बघ कोण आणलंय!" हर्षल खुशीत होता. माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर विचारत-विचारत त्यानं हा माणूस शोधून काढला होता. "गोरक्षनाथ काका. अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला गाव. बाबांच्याच सेक्शनमध्ये होते. पहाटे निघालेत, नगरला गाडी बदलून आले. उद्या फडकं ह्यांच्याच हातानं ओढायचं. पांढरे कपडे बसतील खुर्चीवर."

गोरक्षनाथानं टोपी काढली. मालनबाईच्या पायाला हात लावायला वाकता येईना, तर ओट्याची कड धरून पाय लांब सोडून खाली बसला आणि मग तिच्या पायावर डोकं ठेवलं. उठून पुष्पावतीला हात जोडले. मग तात्यांकडं वळला.

"वळखलंत का?"

"न्हाई बा," तात्या म्हणाले. "कुठं भेट झाली का आपली?"

गोरक्षनाथ नुसता त्यांच्याकडं बघत राहिला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

हर्षलला ते खटकलं. तात्या एकदा पाहिलेला ऊसतोड्या दहा वर्षांनी नावानिशी ओळखतात, हे त्याला ठाऊक होतं. पण चहा आला, आणि गोरक्षनाथाची नजर फरशीवर गेली. कागद तात्यांच्या हातातच होता. हर्षलनं तो काढून घेऊन मोठ्यानं वाचला. बंकर, छाती, एकट्यानं.

"बरोबर आहे ना काका?"

गोरक्षनाथानं कपबशी खाली ठेवली. "कोनी सांगितलं हे?"

"सगळ्यांना माहितीये. तात्या सांगतात."

"तात्यांना माहीत हाय व्हय?" गोरक्षनाथ म्हणाला. "मंग मी कशाला बोलू?"

"बोला," मालनबाई म्हणाली.

सूप बाजूला सरकवून ती त्याच्यापुढं येऊन बसली होती. सव्वीस वर्षं जो प्रश्न तोंडाबाहेर काढला नव्हता त्याचं उत्तर आता परक्या माणसाच्या तोंडून बाहेर येणार, हे तिला कळलं होतं. आणि तिला ते थांबवायचं नव्हतं. "पळाला का माजा पोरगा? येवढंच सांगा."

"आये!" तात्या ओरडले.

"तू गप."

पुष्पावतीनं दाराची चौकट धरली.

"पळाला?" गोरक्षनाथाला आधी कळलंच नाही. मग त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. "न्हाई, माय. बसला. बसून मेला."

*

"रातभर चढलो," तो सांगू लागला. आवाज अगदी साधा, शेतातलं सांगावं तसा. "चढ आसा की उभं ऱ्हायलं तर नाक दगडाला लागावं. बंकर गाठायच्या आत उजाडलं आन् आमी उघडे पडलो. बंकर वर, सत्तर-ऐंशी पावलांवर. मशीनगन. बाकीची पोरं खाली मोठ्या खडकाच्या आडाला. मी आन् भागवत सगळ्यात पुढं. माजी ही मांडी फुटली. हाड भाईर. आमच्यापाशी दगड एकच, जात्यायेवढा. त्याच्यामागं एक मानूस मावंल, दोन न्हाई. त्यानं मला त्याच्यामागं सारलं आन् सोता आडवा पडला.

"खडकापतूर पन्नास पावलं उतार. सगळी सुटी खडी, पाय ठिवला की सरकती. उचलून नेलं तर दोघं मरनार. ढकलून दिलं तर मी गडगडत दरीत. भागवतकडं चढायचा दोर हुता. त्यानं तो माज्या काखंतनं घातला. मी म्हनलो, 'मला सोड, तू जा.' तर म्हनतो कसा, 'गोरख, भरली गाडी उतारावर मधीच सोडली तर बैलं मरत्यात. गप पालथा पड.'"

बाकीच्यांना अजून काही कळलं नव्हतं. मालनबाईला कळलं.

"मागनं धरली," ती म्हणाली.

"व्हय, माय."

"टाचा रोवून."

"व्हय."

"दोर कमरंला?"

"येक येढा कमरंला. बाकीचा हातात."

नेवाशाला प्रवरेकाठच्या फडातून उसानं भरलेली बैलगाडी काढली की पुलाकडं उतार लागायचा. तिथं गाडी बैलांच्या अंगावर जायची. बाप सूर्यभान पुढं बैलांपाशी, आणि मागं आई नि पंधरा वर्षांचा भागवत, गाडीला बांधलेला दोर कमरेला घेऊन, मागं रेलून, टाचा मातीत घालून. आडवं पडून हे काम होत नाही. वाकूनही होत नाही. पाठ ताठ ठेवावी लागते, आणि मागं काय चाललंय ते बघता येत नाही. मालनबाईच्या टाचा ओट्यावर आपोआप रोवल्या गेल्या.

"पण काका," हर्षल म्हणाला, "दगडामागं बसून का नाही धरला?"

"दोर दगडाच्या कडंवर घासत हुता. तुटला आस्ता. म्हनून तो सरकला, सरळ उताराच्या रेषंत, उघड्यावर. तोंड माज्याकडं. पाठ बंकरकडं." गोरक्षनाथ थांबला. "मी पालथा, पाय खाली, डोकं वर. मला त्याचं तोंड दिसत हुतं सगळा येळ. पैली लागली तवा तो जरासा पुढं झुकला. पन दोराला हिसका बसला न्हाई. वीत-वीत सुटत हुता, तसाच सुटत ऱ्हायला. दुसरी लागली. दात दिसले. मला वाटलं, हासतोय का काय. तिसरी कधी लागली ते मला ठावं न्हाई. माजे पाय खडकाला टेकले, पोरांनी मला आत वढलं. मी वरडलो, 'भागवत, सोड, पोचलो!' दोर ताठच. पोरांनी खालनं हिसका दिला. सुटंना. तो गेलेला हुता. कमरंचा येढा तसाच हुता."

ओट्यावर कोंबडी चढली, कानिफनाथानं तिला हाकललंसुद्धा नाही.

"आन् बंकर?" त्यानंच विचारलं.

"तो दोन दिसांनी दुसऱ्या तुकडीनं घेतला. भागवतनं त्या सकाळी येक बी गोळी झाडली न्हाई. हात मोकळे कुठं हुते?"

पुष्पावती चौकट सोडून पुढं आली. तिला विचारायचंच होतं, आणि उत्तर काहीही आलं तरी ऐकायचं होतं. "त्यांना माझी चिठ्ठी... मिळाली होती?"

"मिळाली की, वैनी. मला वाचून दावली. म्हनला, 'ह्या पोरीला वाटतंय हितनं बी पाथर्डीची यष्टी सुटती.' लई हासला. मंग घडी घालून ठिवली, म्हनला, लढाई मिटली की सुट्टी टाकतो. मूल आडवं आसलं तरी आमच्या घरातलं हाय, वळंल गपचीप."

पुष्पावती खाली बसली. हसू आणि रडू तिच्या तोंडावर एकदमच आलं. मालनबाईनं तिच्याकडं बघितलं.

"तुला दिसलं हुतं?"

"घागर घेऊन दारात हुते, आत्याबाई."

"बोलली न्हाईस कधी."

"तुमी तरी कुठं बोललात?"

म्हातारीनं सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तिथंच ठेवला. मग गोरक्षनाथाला म्हणाली, "येवढं सांगायला सव्वीस वर्सं लागली व्हय रे तुला?"

गोरक्षनाथ चांगला माणूस होता आणि चांगल्या माणसाला अशा वेळी काय करावं ते कळत नाही. त्यानं तात्यांकडं बघितलं नाही. पण हर्षलनं बघितलं.

"तात्या," हर्षल म्हणाला, "तुम्ही ह्यांना ओळखता."

*

श्रीमंततात्यांना खोटं बोलता आलं असतं. तोंडात शब्द तयार होते, ते नेहमीच असत. पण आई बघत होती.

"दोन हजार एक साली," ते म्हणाले. "कुबड्या घेऊन आल्ते. पाथर्डीच्या स्टँडवर मी भेटलो. च्या पाजला. समदं ऐकलं. म्हनलो, म्हातारीला झेपायचं न्हाई, पुन्हा येऊ नका."

"गाडीत बसवून दिलं त्यांनी," गोरक्षनाथ म्हणाला. "मला वाटलं, घरच्यांची तशी मर्जी आसंल."

"पाठीवर लागल्या म्हनले हे!" तात्या एकदम उसळले. "मी काय करायचं हुतं? जीपवर चढून छाती-छाती केल्तं मी, पाच हजार लोकांपुढं. पंचायतीला उभा हुतो. आन् तुला, आये, तुला कळलं आस्तं तर तू जीव दिला आस्तास. मला काय ठावं, तुला आधीच..."

पंचायतीसाठी लपवलं की आईसाठी? खरं सांगायचं तर दोन्हीसाठी, आणि कशासाठी जास्त ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

एका पत्र्याखाली तीन माणसं तीच एक गोष्ट एकमेकांपासून लपवून जेवत होती, झोपत होती, श्राद्ध घालत होती. कुणाच्या भीतीनं? गावाच्या. गोळी कुठं लागावी हे गाव ठरवणार, ज्या गावानं कधी जात्याएवढ्या दगडामागं एक सकाळ काढली नाही. उद्या हेच गाव पुढच्या खुर्च्यांसाठी भांडणार होतं.

मालनबाई ओरडली नाही. "श्रीमंत," ती म्हणाली, "मी माज्या पोराला पळपुटा समजून त्याच्या पिंडाला भात ठिवलाय. सव्वीस वर्सं. तू मला येका दिसात मोकळी केली आस्तीस."

तात्यांचे डोळे भरले. त्यांनी मान फिरवली.

"कानिफनाथ, छिन्नी घे," ती म्हणाली. "पुष्पे, तू नीट लिवून दे त्याला. जखमी सोबत्याला दोरानं उतरवताना पाठीवर तीन गोळ्या. दोर सोडला न्हाई."

"आये, पाठ म्हनलं की लोक 'पळाला' म्हनत्यात. पुढचं वाचायला कोन थांबतंय?"

"थांबत न्हाईत म्हनून तर दगडावर लिवायचं."

पुष्पावतीनं कागद पालटून कोऱ्या बाजूला लिहिलं. कानिफनाथानं दोनदा वाचलं, खडूनं अक्षरं आखली. "बसतंय," म्हणाला. "बंकरापेक्षा बरं बसतंय."

छिन्नीचा पहिला ठोका पडला. तात्या उठून निघाले.

"थांब," मालनबाई म्हणाली. "उद्या पैलं कोन बोलनार?"

"मीच. प्रास्ताविक माझंच हाय."

"मंग 'मला ठावं हुतं' इथनं सुरू कर. स्टँडवरल्या च्यापासनं सगळं सांग."

"चार गावची मान्सं येत्यात, आये. माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"त्याची किती ऱ्हायली हुती ह्या घरात?"

तात्या अंगणात उभे राहिले. मग त्यांनी टोपी नीट केली, जणू समोर माणसं बसली आहेत, आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "मला ठावं हुतं."

"मोठ्यानं," म्हातारी म्हणाली.